प्लेलिस्टचा एकच नियम

आमच्या घरात एक प्लेलिस्ट आहे आणि तिचा नियम एकच आहे. यादीत जाणारे गाणे घरातल्या कोणीतरी गोव्यात, समोर बसून, गाणाऱ्याच्या तोंडून ऐकलेले असले पाहिजे. मग तो अभंग असो, मांडो असो, नाट्यपद असो, नाहीतर फेस्ताच्या रात्री बँडने वाजवलेले जुने हिंदी गाणे असो. मोबाईलवर शंभर वेळा ऐकलेले चालत नाही. सध्या यादीत २३ गाणी आहेत. प्रत्येक गाण्यापुढे एक ओळ लिहिलेली असते: कुठे ऐकले, कधी ऐकले, बरोबर कोण होते.

यादीला कारण झाली माझी भाची. ती गेल्या वर्षी शिकायला बेंगळुरूला गेली. तिच्या होस्टेलवर शनिवारी रात्री मुली जमतात आणि एकेकीने आपल्या गावची गाणी लावायची असा त्यांचा परिपाठ आहे. केरळची मुलगी झाली, मणिपूरची झाली, हिची पाळी आली तेव्हा हिने ॲपवर नुसते ‘गोवा’ लिहिले. समोर आले ते सगळे धाड् धाड् ठोके. मला मेसेज आला, “मावशी, ह्यात आपला गाव कुठे आहे?”

ॲपचे अगदीच चुकले असे म्हणता येणार नाही. गोवा ट्रान्स नावाचा प्रकार हणजुणे परिसरातल्या किनाऱ्यांवरच वाढला आणि जगभर गेला. तोही गोव्याचाच. पण आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावात तो कोणी ऐकत नाही. आमच्याकडे रात्री ऐकू येते ते देवळातले भजन, आणि वारा तिकडून असेल तर पलीकडच्या वाड्यावरची नाटकाची तालीम. मी तिला लिहिले, यादी करून देते, पण नियमाने. ती म्हणाली, नियम चालेल, पण मीसुद्धा भर घालणार.

पहिले गाणे कुठले, यावर वाद झाला नाही. चतुर्थीची घुमट आरती.

तुमच्यापैकी जे इंदूर, बडोदे किंवा हैदराबादेत वाढले त्यांच्यासाठी थोडे सांगते. गोव्यात चतुर्थीच्या दिवसांत वाड्यावरची मुले आणि बाप्ये टोळीने घरोघर जातात. माटोळीखाली बसलेल्या गणपतीसमोर आरती सुरू होते ती पाच मिनिटांत आटपत नाही. एकामागून एक आरत्या, मधे चाल बदलते, लय चढते, पुन्हा उतरते. एका घरी तास सहज जातो. मग प्रसाद, चहा, आणि पुढचे घर. साथीला घुमट, शमेळ आणि झांजा. घुमट म्हणजे मातीचा घट, दोन्ही बाजूंना तोंडे असलेला. मोठ्या तोंडावर चामडे ताणून बसवलेले असते, लहान तोंड उघडे. उजव्या हाताने चामड्यावर वाजवायचे आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकायचे-उघडायचे. आतली हवा कोंडली की आवाज घुसमटतो, सोडली की घुमतो. सगळी गंमत त्या डाव्या हातात आहे. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमका तोच आवाज येत नाही, नुसती टकटक येते. खोलीत बसलेल्या माणसाला मात्र तो घुमारा कानाच्या आधी छातीत लागतो.

पूर्वी घुमटाला घोरपडीचे चामडे लावत. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले आणि घुमट अडचणीत आले. आता बकऱ्याचे चामडे लावतात. जुने वाजवणारे अजून कुरकुरतात की तो आवाज नाही. माझे मत विचाराल तर घोरपड जिवंत राहिली हे बरे झाले आणि बकऱ्याच्या चामड्यावर चांगला हात चालवणारी पोरेही मी ऐकली आहेत. पावसाळी दमट हवेत चामडे सैल पडते, ते ताणावर आणायला शेकावे लागते. चतुर्थीच्या संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणात तीन-चार घुमटे निखाऱ्यांभोवती ऊब घेत बसलेली असतात. २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला. आमच्या वाड्यावर त्याने काही फरक पडला नाही, पण शाळेत घुमटाचा वर्ग सुरू झाल्यावर मुली वाजवू लागल्या, हा फरक मोठा आहे. माझ्या लहानपणी मुलींनी घुमट नुसते उचलून ठेवायचे. यादीतली आमची आरती एका मुलींच्या पथकाची आहे आणि ती भाचीने टिपलेली आहे.

त्या आरत्या बहुतेक मराठी. आम्ही घरात कोंकणी बोलतो, देवासमोर मराठी गातो, वर्तमानपत्र मराठी वाचतो, आणि बाजारात ज्याला जे येते ते बोलतो. बाहेरच्या माणसाला हे गोंधळाचे वाटते. आम्हाला वाटत नाही. मात्र यादी करायला बसल्यावर भाचीने विचारले, “ही मराठी यादी की कोंकणी?” मी म्हटले, कानाला विचार. त्यामुळे यादीत दोन्ही आहेत, आणि तिसरीचौथीही.

यादीत दोन नाट्यपदे आहेत. दोन्ही आमच्या गावच्या जत्रेत ऐकलेली. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर याच तालुक्यातले, त्यामुळे संगीत नाटकाचे वेड इथल्या पाण्यातच आहे असे म्हणायची पद्धत आहे. पाण्याचे माहीत नाही, पण जत्रेच्या नाटकाला वर्षातून एकदा तरी पोस्टमन राजा होतो आणि बँकेतला कारकून नारद होतो हे खरे. पदाला वन्समोअर मिळाला की पहाट उजाडली तरी नाटक संपत नाही. पुढे जाऊ, कारण जत्रेवर एकदा सुरू झाले की मला थांबता येत नाही.

नियमाची खरी परीक्षा झाली केसरबाईंपाशी.

सूरश्री केसरबाई केरकर आमच्याच तालुक्यातल्या केरी गावच्या. जन्म १८९२चा. देवळाच्या सेवेत असलेल्या कलावंत घराण्यातली ही मुलगी पुढे उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांची शिष्या झाली आणि तिच्या गाण्यासाठी मुंबई-कोलकात्याचे रसिक ताटकळत बसू लागले. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवलेली होती: कधीकाळी कोणा परग्रहवासीयाला सापडली तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी म्हणून. तिच्यात संगीताचे २७ तुकडे आहेत, सगळे मिळून दीड तास. बाख आणि बीथोव्हेन आहेत, चक बेरीचे रॉक अँड रोल आहे, जावाचे गामेलान आहे, सेनेगलचे ढोल आहेत, पेरूमधले लग्नाचे गाणे आहे. आणि साडेतीन मिनिटे केसरबाईंची भैरवी आहे. त्याच तबकडीवर ५५ भाषांतला नमस्कार आहे, त्यात मराठी आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या.

भाची म्हणाली, “मावशी, जगातली सगळ्यांत अतरंगी प्लेलिस्ट तीच. आणि तिच्यात आपल्या शेजारच्या गावची बाई आहे. घालायलाच पाहिजे.”

मी म्हटले, तू ऐकलीस का समोर बसून? तुझ्या आईने? मी? माझ्या जन्माआधी त्या गेल्या. नियम म्हणजे नियम.

दोन दिवस तिने माझ्याशी बोलणे टाकले. मग आजीने, म्हणजे माझ्या आईने, तोडगा काढला. पणजीत कला अकादमी दरवर्षी केसरबाईंच्या नावाने संगीत समारोह भरवते, हिवाळ्याच्या तोंडावर. तिथे जा, तिथे कोणी भैरवी गायले तर ती घाला. आम्ही गेलो. भैरवी शेवटी गातात, त्यामुळे शेवटपर्यंत बसावे लागले, आणि हीच त्या नियमाची करामत. एरवी भाची विलंबित ख्यालाला पाच मिनिटे टिकली नसती. तिसऱ्या तासाला ती डोळे मिटून बसली होती. मला वाटले झोपली. तशी नव्हती, कारण गायिका समेवर आली की तिचा अंगठा हलत होता. भैरवी झाली, ती यादीत गेली. तिच्यापुढे भाचीने लिहिले आहे: “केसरबाईंची नव्हे, पण त्यांच्यासाठी.”

घरी येऊन तिने केसरबाईंची तीच साडेतीन मिनिटे हेडफोनवर ऐकली. आधी ऐकली होती तेव्हा, तिच्या शब्दांत, “एक बाई जोरात गाते” एवढेच कळले होते. आता तिला श्वास कुठे घेतला ते ऐकू येत होते. समोरचे गाणे एकदा ऐकले की रेकॉर्डमधलेही ऐकू यायला लागते. उलटे माझ्या अनुभवात फारसे झालेले नाही.

अल्लादियाखाँसाहेबांच्याच दुसऱ्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर, किशोरी आमोणकरांच्या आई. त्यांचे कुर्डी गाव सांगे तालुक्यात होते. होते म्हणायचे, कारण साळावली धरणात ते बुडाले. उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा पायवाटा, घरांचे चौथरे आणि सोमेश्वराचे देऊळ वर येते. विस्थापित झालेली माणसे मे महिन्यात तिथे जमतात, उत्सव करतात. चारेक वर्षांपूर्वी मी एका मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर गेले होते. भेगाळलेल्या चिखलावर चटई टाकून म्हातारी माणसे भजनाला बसली होती. साथीला एक पेटी, एक पखवाज, झांजा. माईक नव्हता. गाणे काही थोर नव्हते. पण ज्यांची घरे महिन्याभरात परत पाण्याखाली जाणार होती ती माणसे आपल्या दाराशी बसून गात होती. यादीतले सातवे गाणे ते. रेकॉर्डिंगमध्ये वाराच जास्त आहे. होस्टेलवर हे लावल्यावर मणिपूरच्या मुलीने पुन्हा लावायला सांगितले असे भाची सांगते.

आता मांडो. आपल्या मंडळींत मांडो म्हटला की ‘तो ख्रिस्ती लोकांचा नाच’ असे म्हणून पुढे जाणारे खूप. थोडे थांबा. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत हा प्रकार घडला. भाषा कोंकणी, सूर दोन-तीन पट्ट्यांत एकदम लागणारे, लय संथ, विषय बहुधा विरहाचा. मग मांडो संपता संपता दुल्पद येते, लय धावते आणि गावातल्या गमतीजमती सुरू होतात. साथीला व्हायोलिन आणि घुमट. होय, तेच घुमट. आमच्या गणपतीसमोर वाजणारे आणि त्यांच्या लग्नात वाजणारे वाद्य एकच, कुंभारही एकच. आमच्या गावचा कुंभार सांगतो की घट बनवताना तो कोणाकडे जाणार हे त्याला माहीत नसते.

माझ्या ऑफिसातल्या सहकारी बाईंच्या मुलीच्या लग्नात, सासष्टीत, मी पहिल्यांदा मांडो समोर ऐकला. जेवणानंतर डीजेला विश्रांती दिली आणि घरातली साठीच्या पुढची सात-आठ माणसे उभी राहिली. निरोपाचा मांडो म्हणून जो सगळ्या गोव्याला माहीत आहे, तो तोर्कातो द फिगैरेदो यांचा ‘अदेऊस’, त्यांनी शेवटी घेतला. नवरी तोवर हसत होती, ती रडायला लागली. आपल्याकडे पाठवणीला सनई आहे, त्यांच्याकडे हे आहे. शब्द मला अर्धे कळले. घुमट पूर्ण कळले.

देखणी हा त्याचाच भाऊबंद. यातली सगळ्यांत गाजलेली देखणी, नाचायला निघालेल्या कलावंतिणी नदीपलीकडे जायला तांडेलाला विनवतात ती, कार्लुश एउजेनियु फेरैरा यांची. १९७३च्या ‘बॉबी’मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलालनी तिची चाल घेतली आणि देशभर लोक ती हिंदी गाणे समजून नाचले. म्हणजे बघा, ख्रिस्ती माणसाने हिंदू कलावंतिणींवर केलेले कोंकणी गाणे हिंदी सिनेमातून आपल्या मराठी वराती-बारशांत आले. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे. गुरूचे नाव त्यांनी ‘अमर अकबर अँथनी’तल्या त्या प्रसिद्ध गाण्यात अजरामर केले. तो सिनेमाही १९७७चाच. एकाच वर्षी गोव्याची एक गायिका अंतराळात गेली आणि एका वादकाचे नाव देशातल्या पोराटोरांच्या तोंडी गेले.

हे गोव्याचे वादक मुंबईला पोचले कसे, याचे उत्तर चर्चच्या शाळांत आहे. तिथे मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. मुंबईच्या सिनेमाला मोठा ऑर्केस्ट्रा हवा झाला तेव्हा समोर कागद ठेवला की वाजवू शकणारी माणसे इथेच तयार होती. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधले. हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रम्पेट घेऊन सी. रामचंद्रांबरोबर बसले. पडद्यावर यांची नावे फारशी झळकली नाहीत. आजही एखाद्या फेस्ताला गावचा ब्रास बँड उभा राहतो, त्यातला म्हातारा ट्रम्पेटवाला १९५०च्या दशकातले एखादे हिंदी गाणे काढतो, तेव्हा तो दुसऱ्याचे गाणे वाजवतो आहे असे समजू नये. त्यात त्याच्या काका-मामांचा वाटा आहे. यादीत असे एक आहे, फटाक्यांच्या आवाजासकट.

आणि तियात्र. माझी एवढीच विनंती आहे की एकदा तिकीट काढून जा. लिपी रोमन असली तरी कान कोंकणी आहे, सहज कळते. पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ला मुंबईत झाला, आणि आजही गोव्यात त्याला हाऊसफुल्ल गर्दी असते. त्याची घडण आपल्या नाटकापेक्षा वेगळी. प्रवेश संपला, पडदा पडला, की पडद्यापुढे येऊन कोणीतरी ‘कांतार’ म्हणतो. त्याचा कथेशी संबंध नसतो. कालच्या वर्तमानपत्राशी असतो. आमदार, रस्त्यातले खड्डे, जमिनींचे व्यवहार, सगळे येते. खाली बसलेला बँड खराखुरा: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम, कीबोर्ड. गाणे आवडले की लोक शिट्ट्या मारून परत बोलावतात आणि गाणारा खिशातून आणखी एक कडवे काढतो, जणू आत्ताच सुचले. गोव्यात कमी पैशांत जिवंत बँड ऐकायचा तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. लॉर्ना कोर्देरोंच्या गाण्यांतली दोन यादीत आहेत, पण त्यांच्या आवाजातली नाहीत. सुमारे दोन दशके गप्प राहून १९९५ साली ‘हॅलो लॉर्ना’ घेऊन त्या परतल्या, तेव्हाच्या कार्यक्रमांना माझा मामा गेला होता अशी त्याची थाप आहे. पुरावा नाही म्हणून नियमाने नाकारले. मामा अजून रागावलेला आहे.

ऐकायला पैसेच लागतात असेही नाही. वास्कोचा दामोदर सप्ताह घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगची साथ आली, तेव्हा जांबावलीच्या दामोदराला गाऱ्हाणे घालून त्याचा प्रसादाचा नारळ आणला आणि अखंड भजन धरले, असे सांगतात. तेव्हापासून श्रावणात चोवीस तास भजन थांबत नाही. गावोगावची पथके पाळीपाळीने येतात, एकाने सोडलेला सूर दुसरा उचलतो. रात्री वेगवेगळ्या समाजांचे ‘पार’ निघतात आणि गायनाच्या बैठका होतात. पाऊस पडत असतो, बाहेर फेरीत खाजे आणि प्लास्टिकच्या बादल्या विकायला असतात, आणि आत कोणीतरी मल्हार गात असतो. पहाटे तीन ते पाच ही वेळ निवडा. गर्दी ओसरते, गाणाऱ्यांचा घसा तापलेला असतो, झांजवाल्यांना झोप आलेली असते आणि तरी ताल सुटत नाही. मडगावला कार्तिकात हरिमंदिराची दिंडी असते, तिथेही रस्त्यावर बैठका मांडतात आणि नामांकित गवई गातात. मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावाने कला अकादमीची भजन स्पर्धा होते, तिच्यात बायकांची आणि मुलांची पथके वेगळी. तिथला एक अकरा-बारा वर्षांचा पखवाजवाला यादीत आहे. त्याच्यापुढे भाचीने फक्त तीन उद्गारचिन्हे काढली आहेत.

यादीत काय नाही, तेही सांगते. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात ‘लाइव्ह म्युझिक’ची पाटी बघून आम्ही गेलो होतो. गाणारा एकटा. ड्रम, बास, कोरस सगळे लॅपटॉपमधून. गिटार गळ्यात होती, तिची वायर कुठेच लावलेली नव्हती. भाचीने यादीत घालायचे नाही असे जाहीर केले. पण निघताना मी त्या मुलाशी बोलले. तो म्हणाला, आधी आम्ही चौघे वाजवत होतो, मालक चौघांचे पैसे देत नाही, एकाचे देतो. दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम, पर्यटक येतात नऊला, तासभर वाजवून चौघांत काय वाटायचे? मी त्याला विचारले, वायर नसलेल्या गिटारवर तुला काय येते? तो बाहेर पायरीवर येऊन बसला आणि त्याने आजोबांकडून शिकलेले एक दुल्पद वाजवले. ते यादीत आहे. बाराव्या क्रमांकावर. तेव्हापासून आम्ही एक करतो: जिथे जातो तिथे संपल्यावर वाजवणाऱ्याला भेटतो, नाव विचारतो, टिपायला परवानगी घेतो, आणि जमेल तेवढे पैसे त्याच्या हातात देतो. नको म्हणाला तर टिपत नाही. आतापर्यंत दोघांनी नको म्हटले. एक भजनी बुवा होते, त्यांना आपला आवाज त्या दिवशी बसलेला वाटत होता.

दुसरी आजी.

आजीचे वय ८२. पौषात आमच्या वाड्याच्या मांडावर धालो होतात. फक्त बायका. जेवणे आटपली की चांदण्यात दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेला हात घालून, आणि गात गात पुढे येतात, मागे जातात. एक ओळ म्हणते, दुसरी उचलते. गाण्यांत देव असतात, सासर असते, भात असते, धरित्रीकडे मागणे असते. आजी पुढे म्हणणाऱ्यांतली. तिला किती गाणी येतात हे तिलाही माहीत नाही, कारण एकीतून दुसरी निघते. यातले ॲपवर काही नाही. गेल्या पौषात मांडावर अकराजणी होत्या. माझ्या लहानपणी ओळ तुळशीपासून विहिरीपर्यंत जायची.

भाचीला साहजिकच ते हवे होते. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा तिने फोन आजीसमोर धरला आणि म्हणाली, “आजी, एकच म्हण. दोन मिनिटांचे.”

आजी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “मांडाशिवाय धालो म्हणत नाहीत गो.”

“पण आजी, तू...” भाचीने वाक्य अर्धे सोडले. काय म्हणायचे होते ते आम्हा तिघींनाही कळले.

“मी मेले तर काय, असेच ना?” आजी हसली. “म्हणून तर म्हणते. तुझ्या त्या डबीत मी एकटी म्हणणार. समोरची ओळ कोण उचलणार?”

मी मधे पडले नाही. माझ्या मनात दोन्ही होते. माझ्या फोनमध्ये आजीचा आवाज असावा असे मलाही वाटते, चोरून टिपता आले असते हेही खरे, आणि भाचीने नंतर तसे सुचवलेही. मी नाही म्हटले. बुवांना त्यांच्या बसलेल्या आवाजासाठी सोडले, तर आजीला तिच्या मांडासाठी सोडायला काय हरकत? भाची चिडली. म्हणाली, नियम तुझा आहे, समोर ऐकलेले असले की झाले, तू तर लहानपणापासून ऐकले आहेस. हे बरोबर होते. पण समोरच्या ओळीत उभे राहून मी कधी उचलले नव्हते. लाजायचे, कडेला बसायचे, मग शहरात नोकरी, मग वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनेच विषय काढला. भाचीला म्हणाली, पौषात ये. तू आणि मावशी समोरच्या ओळीत उभ्या राहा. उचललेत, चुकलात तरी चालेल, तर मग फोन कुठे ठेवायचा तो ठेवा, मी बघणार नाही.

भाचीची परीक्षा पौषाच्या आसपासच आहे. वेळापत्रक लागल्यावर तिने आधी पंचांग उघडले आणि मग मला फोन केला: चांदण्यातल्या तीन रात्री मिळतात, चौथ्या दिवशी सकाळी पेपर नाही, दुपारी आहे, रात्रीची बस पकडली तर होते. मी तिकीट काढले. रोज रात्री जेवणानंतर आजी मला फोनशिवाय, अंगणात, चाल नाही, नुसते शब्द सांगते. मांडाबाहेर शब्द सांगायला तिची हरकत नाही. मी ते वहीत लिहून भाचीला पाठवते. आतापर्यंत चार झाली. होस्टेलच्या गच्चीवर ती मणिपूरच्या मुलीला समोरच्या ओळीत उभी करून पाऊल टाकायचा सराव करते.

यादीत चोविसाव्या क्रमांकापुढे तिने सध्या लिहून ठेवले आहे: पौष, आमचा मांड, जेवणे झाल्यावर. गाण्याची जागा रिकामी आहे. मी तिला शाल आणायला सांगितली आहे, त्या दिवसांत आमच्याकडे रात्री दव पडते.